पाऊणपट

आधी वास आला, अमोनियाचा,
मग दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत एक माणूस,
केसांत बर्फाचा चुरा, अजून न विरघळलेला.
धर्माजी चोगले, वय एकेचाळीस, हर्णैचा बर्फ कारखाना.
लादी फळीवरून सुटली
आणि कानाच्या वर चार बोटं लागली.
सोबतचा सुपरवायझर म्हणाला,
“घसरून पडला, मॅडम. घरी.”
घरी. पहाटेचं. गमबूट घालून.

मेस्त्री सिस्टरनं रुमालात बर्फ बांधला
आणि जिथं बर्फ लागला होता तिथंच धरला.
आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं नाही.

बाहुल्या सारख्या, उजेडाला आक्रसल्या.
मग यादीतले प्रश्न.
आज काय आहे?
“अष्टमी.”
वार विचारतेय मी, वार.
“भांगाचं पाणी आज, बाय. जोर नाय त्याला.”
शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, म्हणाला, आणि तिथंच थांबला,
होडी सुटून गेल्यावर जेटीवर माणूस थांबतो तसा.
“ते ऱ्हाऊ दे. आठ पाऊणे सहा.”
पावणेसहा?
“नाय गो. आठाची पाऊणपट. तिथीची पाऊणपट केली
की भरती कळते. सहाला भरती.”

मी परभणीची. माझ्या लेखी पाणी
टँकरनं येतं, किंवा येत नाही.
‘स्थळ-काळाचं भान’ पुढं चौकोन एकच होता.
पेन टेकवलं. उचललं.

तेवढ्यात त्यानं विचारलं,
“लाद्या भरल्या काय बोटीत?”
भरल्या.
दोन मिनिटांनी: “लाद्या भरल्या काय?”
सातव्यांदा सिस्टर म्हणाली, भरल्या रे बाबा,
वर भुसासुद्धा टाकला.
मेंदूला मुका मार बसला की असं होतं:
शाळेतले पाढे जागच्या जागी,
आत्ताचं उत्तर ओल्या हातातून निसटतं.

रक्तदाब एकशे सत्तर. हा लादीचा नसावा.
झोप?
“सीझन संपू दे.”
दुसरा माणूस डिसेंबरात काढला,
तेव्हापासून दोन्ही पाळ्या यालाच.
झोपेत दात खातो म्हणे. दाढा बघितल्या मी,
घासून सपाट, पाट्यासारख्या.
मग तो रडायला लागला, आवाज न करता,
आणि हे रडणं पहाटेचं की डिसेंबरपासूनचं
ते दिसेल अशी बॅटरी आमच्याकडं नाही.

एक्स-रेचं मशीन अकरा महिने बंद.
इतका चांगला अंधार तालुक्यात दुसरीकडं नाही.
तिथं खाट लावली.
तासातासानं उठवायचं. पुन्हा उलटी झाली
तर सरळ चिपळूण, सीटी स्कॅन,
डिझेलचं बघू कुणाच्या खिशातून ते.
आठवडाभर काम नाही, ऊन नाही, मोबाइल नाही,
मी बोलत गेले, आणि तो ऐकत राहिला
मी त्याला हप्त्यानं काहीतरी विकतेय असं.

सुपरवायझर दारातून हलेना.
कागदावर लिहिलं: कामावर असताना.
बर्फ कारखाना. पहाटे चार वाजून दहा.
शिक्क्याची शाई वाळलेली.
तीनदा दाबला.

त्याचा फोन माझ्या ॲप्रनच्या खिशात,
मांडीशी थरथरतोय. शेठ. शेठ. शेठ.
माझी ही सलग तिसरी रात्र.
शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी,
एकोणऐंशी, बहात्तर,
बहात्तर.

सहाला त्याला उठवायला निघाले
तर मागच्या पायरीवर सिस्टर उभी,
काही बोलली नाही, नुसतं बोट केलं.
पाणी कुंपणाच्या भिंतीला येऊन टेकलं होतं,
अजिबात न आपटता.

चोगले, नाव सांगा.
सांगितलं.
“लाद्या भरल्या काय?”
नाही, म्हणाले मी. आज नाही भरल्या.
अंधारात तो बराच वेळ गप्प.
“मग बोटी?”
भांगाचं पाणी आहे, म्हटलं,
जोर नाही त्याला.
तुम्हीच सांगितलंत.