हरकती व सूचना

इतवारीत गल्लीला ओळ म्हणतात.
सराफा ओळ, भांडे ओळ,
आणि त्यांच्या मागं, नकाशात पाऊण सेंटिमीटर,
ही सुतळी ओळ :
बावीस दुकानं, तेरा बंद,
एका शटरवर लग्नपत्रिका छापण्याचा जुना दर.

मी मोजायला गेले मे महिन्यात.
पोलादी टेप इतका तापला
की चिंधबाजी बारापात्रेंनी
दुकानातून काथ्याचा दोर काढून दिला,
दर हाताला एक गाठ.
"हातानं मोजा बाई.
फुटानं मोजलं तं फूटच पडते."

तासाभरात ये-जा : एक्केचाळीस माणसं.
त्यात चहावाला पोरगा नऊदा.
नियमानुसार तो नऊ माणसं आहे.
मी नऊ लिहिलं.
त्यानं कागदात डोकावून विचारलं,
"मंग पगार नऊ जनाचा भेटते काय?"

कार्यालयातल्या संगणकात तयार झाडांचं कपाट आहे,
कुठल्या देशातली कोण जाणे,
पानं न गाळणारी, पाणी न मागणारी.
मी चौदा ओढून लावली.
फरशी टाकली. बाक टाकले.
बाकांवर माणसं बसवली,
एकाच्याही हातात पिशवी नाही.
मग ओटे पुसले,
इकडून अडीच फूट, तिकडून अडीच फूट.
साहेब म्हणाले, "बघ, आता श्वास घेतेय गल्ली."

सुनावणीला तीस खुर्च्या, सात माणसं.
सातही पार्किंगवर बोलले.
पेटीत एकच कागद निघाला,
वहीचं पान, चार घड्या :

"मी कौतिका सोरते.
नऊ नंबरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसून
साडीले फॉल लावतो.
दुकान माहं नाही, ओटाही नाही.
चार वाजता समोरच्या भितीची सावली येते,
तिच्यात मी सातवरी शिवतो.
तुमच्या नकाशात ते सावली कुठी ठेवली
दिसलं नाही.
कळवावं."

साहेबांनी दोनदा वाचलं.
"ही हरकतही नाही, सूचनाही नाही.
फाइलला लाव."

मी रंगांची यादी पाहिली.
राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा,
नाल्यालासुद्धा रंग आहे.

बुधवारी चारला परत गेले,
यंदा टेप घेतलाच नाही.
दोराचं एक टोक भिंतीपाशी पोरानं धरलं,
दुसरं कौतिकाबाईंनी, सुई दातांत ठेवून.
दहा गाठी. ओट्याच्या कडेला टेकली होती सावली,
मांजरासारखी, अजून वर यायचं की नाही ठरवत.
"आता मी किती जन?" पोरानं विचारलं.
एक, म्हटलं.
तो जरा नाराज झाला.

नकाशावर पेन्सिलीनं
पातळ, तिरकी रेघ ओढली.
साहेब चष्मा कपाळावर चढवून वाकले.
"ही कुठली ओळ?"
चार वाजताची, म्हटलं.

त्यांनी खोडरबर मागितला.
शोधते, म्हणाले,
आणि मुठीतला मुठीतच ठेवून
टेबलाखाली वाकले.