दात कोरून

शनिवारी बीएस्सीची प्रॅक्टिकल्स संपली
की डॉ. मगदूमांच्या दवाखान्यात उभी राहते,
हात मागे बांधून. नुसतं बघायचं.
बाहेरदेशीच्या कॉलेजला तास मोजून लागतात :
वहीत आजवर एकशे बारा.

चिकोडीकडचा म्हातारा गाल धरून म्हणतो, हल्लु, हल्लु.
डॉक्टर म्हणतात, हळू, हळूच करतो.
दोघांचं जमतं.

रात्री साबणाच्या वडीतून
खालची पहिली दाढ काढते, पाच उंचवट्यांची.
चौथा नेहमी तुटतो.
'दात कोरून पोट भरत नाय गं,' आत्या म्हणते,
आणि भुगा गोळा करून त्यानंच हात धुते.
विड्यांचा वास तरीही राहतो.

रेशनकार्डावर मी साळुंके, दाखल्यावर साळोखे.
निपाणीचा नोटरी म्हणाला,
'दोघी एकच, असं लिहून द्या.'
दिलं.

उरलाय एकच रकाना :
दंतवैद्यच का? तीनशे शब्दांत.
'लहानपणापासून सेवेची आवड' – खोडलं.
मिशेरीची डबी, चुलीवर भाजलेली तंबाखू,
हसताना आत्याचा तोंडावर जाणारा पदर –
तेही खोडलं. तिचं आहे ते.

काल तीच म्हणाली,
'बघायचं तर बघ. लिवू मात्र नगं.'
मोबाइलचा उजेड. काळे दात मला पाठ होते.
गालाच्या आत पांढरा चट्टा,
बोटानं पुसून जाईना.

सोमवारी तिला मगदूमांकडे न्यायचंय.
तो तास
वहीत मांडणार नाही.