दगडावरची रेंज

आमच्या गावात रेंज एकाच दगडावर येते,
मेंढवाड्याच्या वर,
जिथून पाय घसरला तर थेट ओढ्यात.
मी तिथं उभी, घोंगडं डोक्यावरून,
फोन आभाळाकडे धरून.

माखोत्सोचे पाय सुजलेत.
बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.
डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते.
जुलैत, या बर्फात, काजवे!

लग्नातच सासूनं तिला हे नाव दिलं:
खोत्सोची आई.
खोत्सो अजून जन्मायचाय.
आमच्या लेसोथोत आई आधी ठरते,
मूल मागाहून येतं,
किंवा

मेसेज पाठवला: १७०/११०, आठवा महिना, डोकं ठणकतंय.
एक टिक.
वारा.
एकच टिक.
डेटा रात्री बाराला संपतो,
पोटातल्याला ते कोण सांगणार?

खोत्सो म्हणजे शांतता.
फोन हातात गप्प होता
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मला त्या शब्दाची धास्ती वाटली.

दुसरी टिक आली तेव्हा बोटं माझी उरली नव्हती.
मोखोत्लोंगच्या नर्सनं लिहिलं होतं:
डाव्या कुशीवर ठेवा. घोड्यावर नको.
गाडी निघालीय, नदीपर्यंत उचलून आणा.

चार गडी, आणि खाट म्हणून
लिबुसेंगच्या घराचं दार, बिजागऱ्यांसकट.
कंदील वळणावर दिसेनासा झाला.

पहाटे पुन्हा दगडावर आलेय.
डेटा संपलाय.
खालून कुणी चढून येईल तेव्हाच कळेल.
लिबुसेंग उघड्या उंबऱ्यात, पाठीला पोतं लावून,
ओरडून विचारतेय,
दार कधी परत येणार?