दहा रकाने

कार्डावर ऐंशी रकाने असत.
ऐंशीत माणूस बसवायचा, हे माझं काम.
हजेरी क्रमांकाला सहा, खात्याला तीन,
मूळ पगार, महागाई भत्ता, सोसायटीचं कर्ज,
आणि नावाला दहा.

तेव्हा मी तेवीस वर्षांची.
चरईतून कंपनीच्या बसने रबाळ्याला जायची.
दिघ्यानंतर खिडक्या लावून घ्यायचो आम्ही;
कुठल्या कारखान्याचा वास, त्यावरून वार ओळखायचो.

डिकुन्हा साहेब म्हणाले, दहा पुरेत.
मीही म्हणाले, पुरेत.
रमेश मावतो, शांता मावते,
जोमा तर इंग्रजी चार अक्षरांत आटपून
सहा घरं रिकामी सोडतो.

मग कार्डं गेली, टेप आल्या.
टेपना उकाडा सोसत नाही म्हणून एसी आला,
आणि बॉयलरखाली माणसं भाजत असताना
आम्ही सात जणी
मे महिन्यात स्वेटर घालून बसलो.
फ्लॉपी आली, गेली. साहेब गेले. कंपनी विकली गेली.
नव्याण्णवच्या एकतीस डिसेंबरला
मी महाप्यात रात्रभर जागी,
दोन आकडी वर्षं चार आकडी करून
घड्याळाकडे बघत.
बारा वाजून एक मिनिटाने काहीही झालं नाही.
माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं यश ते:
काहीही झालं नाही.
पेढासुद्धा कुणी वाटला नाही.

वर्षांना दोन घरं वाढवून दिली मी.
नावांना नाही.

गेल्या नोव्हेंबरात, ऐरोलीच्या बँकेत,
हयातीचा दाखला द्यायला रांगेत होते.
बोटांचे ठसे झिजलेत माझे;
मी जिवंत आहे हे यंत्राला तीनदा पटलं नाही.
चौथ्या खेपेला अंगठा पदराला पुसत होते,
तेवढ्यात बाईंनी पुकारलं:
हरिशचन पाटील!

उठले ते बॉयलर खात्यातले.
चालताना डावा खांदा पुढे, तसाच.
म्हटलं, तुमचं नाव तर हरिश्चंद्र ना?
"व्हतं," म्हणाले.
"पगाराच्या चिठ्ठीत तसंच यायचं, हरिशचन.
मंग फंडात तेच, रेशनकार्डात तेच, आधारात तेच.
नाव जुलाया पायजे ना, बाय?
मंग आमीच कापून घेतला.
पोरांच्या दाखल्यावर बापाचं नाव तेच,
घरावरची पाटीपन तीच."
तक्रार नव्हती. भरतीची वेळ सांगावी तसं सांगितलं.
"मशीनला जागा नसंल तवा."

मशीनला जागा होती.
कार्डाच्या शेवटी अकरा रकाने मी राखून ठेवले होते,
पुढे लागतील म्हणून.
पुढे कधी लागले नाहीत.

तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी बोटांवर मोजलं:
त्यांचं नाव पुरं व्हायला तीन अक्षरं,
मधे एक मोकळं घर,
आणि वडिलांचं, कोंडाजी, सात.
अकरा.

सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं.
ते बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
"म्हंजे आमचा बापूसपन मावला असता," म्हणाले,
आणि एवढ्या मोठ्याने हसले
की पहारेकऱ्याने मान वळवली.

आमचा कारखाना होता तिथे आता
खिडक्या नसलेली इमारत आहे.
म्हणे, सगळ्या जगाचे फोटो, चिठ्ठ्या, हिशेब आत आहेत,
आणि जागा अजून पुष्कळ आहे.
बाहेरून फक्त घुमल्यासारखा आवाज येतो.

नंबर घेतला त्यांचा.
मराठीत टंकलं, घाई न करता,
श्चला श्च, द्रला द्र.
सहज म्हणून त्यांनी संध्याकाळी फोन केला.
पडद्यावर आलं:
हरिश्चंद्र कोंडा…
आणि पुढे ती तीन टिंबं.

चष्मा लावला.
फोन वाजत होता.
उचलण्याआधी मी तो आडवा धरला.