उलट्या तोंडाची सीट

व्हाईट बर्डचा घाट सात टक्के चढतो.
सात टक्के म्हणजे काय ते आकड्यात कळत नाही,
मागं मधमाश्यांच्या चोवीस पेट्या बांधल्या की कळतं.

ऑरिनमामाची स्टेशन वॅगन, रंग उडालेला पिस्ता,
दारांवर लाकडाचा नुसता कागद.
मी मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर,
रस्ता निघून जाताना बघत.
काचेपलीकडे हातभर अंतरावर ट्रेलरचा दांडा,
हुकाचा गोळा, साखळ्यांची कात्री,
जाळीखाली गुणगुण.

गाडीचं बूड बसलेलं, नाक वर,
पहाटे दिवे रस्ता सोडून पाइनच्या शेंड्यांवर.
चढाला मामा हीटर लावायचा. जुलैत.
इंजिनाचा ताप आमच्या अंगावर घ्यायचा,
आणि वर्लामामी मानेवर ओला टॉवेल टाकून
त्या काट्याकडे बघत राहायची,
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी.

आता माझा पिकअप आहे. डिझेल,
मागं जोडीजोडीनं चार चाकं.
परवा ऐंशी पेट्या नेल्या त्याच घाटातून.
गिअर आपले आपण बदलत राहिले, मी कॉफी प्यायलो.
वरच्या वळणावर आठवलं, मागं काहीतरी आहे.
आरशात पाहिलं. होतं.

डेलॉय विचारतो, मग फरक किती?
चढाला? वीस मिनिटं, एक ओला टॉवेल.
उताराचं त्याला सांगितलं नाही.

उताराला ट्रेलर मागून ढोसायचा.
एकदा वाऱ्यात डोलायला लागला,
डावीकडे, उजवीकडे,
प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा.
मामाला पुढचं दिसत होतं. मला हे.
‘हलतोय,’ मी म्हणालो, हळूच,
मोठ्यानं म्हटलं तर आणखी हलेल म्हणून.
त्यानं ब्रेक दाबला नाही. पाय फक्त उचलला,
हात स्टिअरिंगवर, लोण्यावर ठेवावेत तसे.
नदी येईपर्यंत कोणी बोललं नाही.
खाली मामीनं पीच कापून दिला.
ब्रेकचा जळका वास आणि पीच
मला अजून वेगळे करता येत नाहीत.

परवा एल्वाला म्हटलं, मागं बघ गं, हलतोय का?
‘स्क्रीनवर दिसेल ना, बाबा.’
दिसत होतं. हिरवी रेघ.
मी तरी काच खाली केली.
डिझेलच्या आवाजात मधमाश्या ऐकू येत नाहीत.
तळाशी इंजिन बंद केलं,
तेव्हा आल्या.