तेवीसपैकी दोन

डब्यावर चिठ्ठी: सुपडू तोताराम बागूल, वय एकसष्ट,
राहणार सोनगीर. अन्ननलिका, सोबत गाठी.
सोबत. पत्रिकेत सहकुटुंब लिहितात तसं.

धुळ्यात दुपारी चव्वेचाळीस, आणि पंखा बंद,
नाहीतर फॉर्मलिनचा वास रिपोर्टच्या खिडकीपर्यंत जातो.

मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
डोळ्यांवर जाऊ नको, चरबी फसवते. बोटांनी शोध.
मला ते येत होतं.
दादर निवडताना आई शेजारणीशी बोलत असायची
आणि खडा तिच्या बोटांना आपणहून लागायचा.

तर पिवळी चरबी, चिमटीत, थोडी थोडी.
उडदाएवढी एक. चवळीएवढ्या तीन.
जठराच्या वळणाजवळची बोराएवढी, टणक.
हिच्यातच असणार, मी मनात म्हटलं,
आणि मनातच जीभ चावली.

चौदा झाल्या.
पंधराच्या आत मोजणी लंगडी.
माझी शेवभाजी गार होऊन तिच्यावर तेलाची साय धरली,
मी तीच चरबी पुन्हा चाळत होते.
आणखी नऊ.
शेवटची तिळाएवढी,
ती गाठ की माझा हट्ट, कळेना. तरी ठेवली.

काचेखाली बोराएवढी स्वच्छ निघाली.
नुसती सुजलेली,
थोरल्या मुलीसारखी, घरातलं सगळं अंगावर घेऊन.
तिळाएवढीत होतं.
आणि तिच्या शेजारच्या एकीत.

रिपोर्ट न्यायला बहीण आली, पदराच्या गाठीत पैसे.
'बाई, तेवीस गाठी काढ्यात म्हने.
मंग भाऊना आंगमां ऱ्हायनं काय?'
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं. हेच म्हणायचं असतं.
ती बाकावर बसली, पाणी मागितलं.
मग मी न विचारताच,
'आमना तीन भाऊ गयात, मंग हाऊ जलमना.
मायनी त्याले सूपमां टाकी उकिरडावर नेयं.
मरनले वाटनं, केरकचरा शे.'

आणि हसली. दात कमी होते.

सुपात पाखडतात, निवडतात,
तेवढंच मला माहीत होतं.
लपवतातही, हे आज कळलं.

तिनं कागद उलटा धरून पाहिला,
घडी घालून पोलक्यात ठेवला.
तेवीस मी मोजल्या हे सांगितलं नाही.
दोन हा आकडा तिनं विचारलाच नाही.

पुढच्या डब्यावरही नाव होतं.
मी आधी हात धुतले,
मग वाचलं.