मुकी पट्टी

सुतार मी. पियानो म्हणजे मला आधी लाकूड,
मग लोकर, मग तारा. संगीत अगदी शेवटी.
गवंडाळीला, सांव ब्राझच्या इगर्जीमागे
नेवेंकाबायकडे वर्षातून दोनदा जायचो.
पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटत;
तिनं पियानोच्या पोटात चाळीसचा दिवा लावून ठेवलेला,
रात्रंदिवस, दमट हवेवर उतारा.

हा संत तिच्या गावचाही. तिकडे,
दगडी तटाच्या शहरात, तोच. घशाच्या दुखण्यांचा.
त्याचं नाव पाटीवर वाचून उतरली, म्हणे, आणि राहिली.
दर फेस्ताला गळ्याला मेणबत्त्या टेकवून घ्यायची.
गाताना मात्र कधी ऐकली नाही.

समुद्राला तिच्या भाषेत 'मोरे' म्हणतात.
मी हसलो: आमचा पोस्टमन मोरे!
तेव्हापासून तो दिसला की फाटकातून ओरडायची,
"समुद्र आला, समुद्र!"

तिच्या पहिल्या चार रचना
भावाच्या नावावर छापल्या होत्या.
पाचवी तिच्या नावानं. पेपरात आलं:
बाईच्या मानानं बरी आहे.
हे सांगताना ती चहात बिस्कीट बुडवत होती.
तुटून पडलं. चमच्यानं काढून खाल्लं.

मधल्या सप्तकातली एक पट्टी मुकी होती,
आतल्या हातोडीचा दांडा वाळवीनं खाल्लेला.
फणसाचा घालून देतो म्हटलं, तर
"पुढच्या खेपेला, च्यारी."
अशा अकरा खेपा.
दरवेळी टेबलावर तेच कागद, पेन्सिलीचे,
खोडून खोडून मागच्या बाजूला उठलेले.

फेस्ताच्या आदल्या दिवशी गेली.
भाचीचं पत्र आलं: पियानो नीट करा,
तिचं शेवटचं वाजवायचं आहे.
मी दांडा तासला. सरस, लोकर, तीन दिवस.
पट्टी दाबली. बोलली.
घरात कुणी नव्हतं, तरी मागे वळून पाहिलं.

फोंड्याची एक पोर वाजवायला बसली.
माझा डोळा माझ्या पट्टीवर.
बोटं यायची, अलीकडे थांबायची,
पलीकडे उतरायची;
वाटेत निजलेल्या कुत्र्याला न उठवता
माणसं जातात ना, तशी.
शेवटपर्यंत. एकदाही नाही.

टाळ्या झाल्या, लोक बल्कांवात केक खायला गेले.
बिल मी करूनच आणलं होतं:
दांडा एक, मजुरी तीन दिवस.
खिशातच राहिलं. घामानं शाई उतरली.
निघताना पियानोतला दिवा
तेवढा चालू आहे ना, बघून आलो.